रिकाम्या बाकड्याचा फोटो

बागेसमोरच्या बंगल्यातल्या काकांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. म्हणाले, "ए मुली, हे काय चाललंय आपल्या बागेत?"

फोटोत कडुलिंबाच्या झाडाखालचं बाकडं होतं. बाकड्यावर एक बाई. चपला खाली काढलेल्या, एक पाय वर घेतलेला, मांडीवर फडकं आणि फडक्यात भाकरी.

"पलीकडचे लोक इथं येऊन जेवतात, पाय पसरतात. मग आम्ही फिरायचं कुठं? तक्रार टाकलीय अ‍ॅपवर. संध्याकाळच्या आत निकाली काढ."

फोटोतली बाई माझी माय होती.

चेहरा स्पष्ट दिसत होता, तरी काकांना ओळखू आला नव्हता. माय त्यांच्याच बंगल्यात धुणं-भांडी करते. मागच्या दारानं जाते, मागच्या दारानं येते. तिनं घासलेल्या कपात चहा पिऊनच ते फिरायला निघाले होते. त्यांनी ओळखलं नाही, ठीक. मी ओळखलं आणि गप्प राहिले. "हो काका, बघते," म्हणाले. वर हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

महापालिकेच्या या बागेत मी कंत्राटावर देखरेखीला आहे. बी.ए. झालेय. गळ्यात ओळखपत्र असतं आणि त्याचा मला लई तोरा होता. नळ गळतो, झोक्याची साखळी तुटली, दिवा लागत नाही, अशा तक्रारी बंगल्यांतले लोक अ‍ॅपवर फोटोसकट टाकतात. तक्रार निकाली काढायची तर त्याच जागेचा, त्याच कोनातून दुसरा फोटो टाकावा लागतो. आधी कचरा, नंतर साफ फरशी. मग हिरवी खूण येते आणि सगळे खूश.

म्हणजे आता मला बाकडं रिकामं दाखवायचं होतं.

दुपारी माय आली. कामं उरकली की ती बागेतूनच घरी जाते, कारण मागच्या गेटाला लागूनच आमची वस्ती. तिचे गुडघे गेलेत. मधे बाकड्यावर टेकते, भाकरी खाते, मग उठते. मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"माय, जरा ऊठ की."

"का गं?"

"फोटो काढायचाय. बाकड्याचा."

बाकडं रंगवणार असतील असं तिला वाटलं. भाकरी फडक्यात गुंडाळून, हात टेकत उठली. मी म्हणाले, "अजून बाजूला हो. सावली येतेय." ती अजून सरकली. मी फोटो काढला. हिरवी खूण आली.

सावलीचा विटाळ मानणाऱ्यांच्या गोष्टी मी वस्तीतल्या विहारात लहानपणापासून ऐकत आलेय. त्यावर तावातावानं भाषणंही ठोकलीत. आणि जन्मदात्या मायची सावली मीच फोटोबाहेर काढली, तीही भर दुपारी, ओळखपत्र गळ्यात घालून. मला हे कुणी करायला लावलं नव्हतं. काकांनी फक्त बोट दाखवलं होतं.

आठवडाही झाला नसेल. काकांची पुढची तक्रार आली, मागच्या गेटातून नको ते लोक येतात. सुपरवायझरांनी फोनवर सांगितलं, साखळी लाव. लेखी काही नाही. मी साखळी लावली, कुलूप घातलं, फोटो टाकला. पुन्हा हिरवी खूण.

वस्तीतले लोक गेटाशी येऊन मला सांगत होते. म्हाताऱ्यांना मोठ्या रस्त्यानं वळसा पडतो, रस्ता ओलांडता येत नाही, लेकरांना खेळायला जागा नाही. मी सगळ्यांना म्हणत होते, तोंडी तक्रार चालत नाही. गेट बंद करायचा हुकूम मात्र तोंडीच चालला होता, हे माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यात शिरलं नाही.

कुलूप लावलं त्याच संध्याकाळी माय उशिरा घरी आली. जालना रोडच्या कडेकडेनं चालत आली होती. गुडघा सुजून टम्म. मी तेल कोमट केलं. तिनं विचारलं, "कुलूप तूच लावलंस व्हय?"

"व्हय."

"बरं केलंस. नोकरी टिकीव तू. माझं काय, मी येते फिरून."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा गुडघा चोळत होते आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी काका फिरायला आले. मी त्यांना म्हणाले, "काका, पलीकडच्या लोकांची तक्रार आहे. गेट उघडायला पाहिजे."

ते हसले. "तक्रार रहिवाशांनी करायची असते. पलीकडच्यांची कसली तक्रार?"

"मी पलीकडचीच आहे. आणि फोटोतली बाई माझी माय आहे. तुमच्याच घरी भांडी घासते."

काका क्षणभर गडबडले. मग माझ्याकडे मायेनं बघत म्हणाले, "अगं, मग आधी सांगायचं ना. तिच्यापुरतं चालवून घेतलं असतं."

तिच्यापुरतं. एवढ्या एका शब्दानं माझं डोकं ठिकाणावर आलं.

"तिच्यापुरतं नको," मी म्हणाले. "तुम्ही कन्नड तालुक्यातून इथं राह्यला आलात, माझी माय फुलंब्रीहून आली. बागेत यायची परवानगी आहे का, असं तुम्हाला कुणी विचारलं का?"

काका तरातरा निघून गेले. मी गेटाशी गेले. साखळीपलीकडे कामाला निघालेली माय होती, शेजारपाजारचे म्हातारे होते, लेकरं होती. त्यांचा फोटो काढला आणि तक्रार टाकली. माझं नाव, वस्तीचा पत्ता. मग कुलूप काढलं. त्याच जागेचा, त्याच कोनातून दुसरा फोटो काढला. गेट उघडं आणि आत येणारी माणसं. निकाली.

लगेच सुपरवायझरांचा फोन. "कायकू लफडा करती बेटा? मागं घे. साहेब तापलेत. उद्या ऑफिसात ये, नाही तर काम गेलं समज."

माय आत आली, पण बाकड्यावर बसली नाही. गुडघा धरत तशीच पुढे गेली. मी म्हणाले, "बस ना."

"नको. एकदा लेकीनंच उठीवल्यावर कसं बसू?"

मी माफी मागितली, तिनं नुसती मान हलवली. कामाला निघून गेली.

उद्या ऑफिसात जाणार आहे. तक्रार मागे घेणार नाही. काम गेलं तर ओळखपत्र तिथंच काढून ठेवीन आणि मागच्या गेटानं बागेत येईन. साखळी पुन्हा लावली असेल तर सगळ्या वस्तीला घेऊन येईन. लिंबाखालच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसेन, भाकरी खाईन. माय शेजारी येऊन बसेपर्यंत रोज.

काढू देत काकांना फोटो.