तारेचं दही

मेसमधल्या दह्यात खुशीने चमचा बुडवून वर उचलला, तर चमच्यासोबत दह्याची वीतभर तार वर आली. टेबलावरच्या पोरींनी "ईऽऽ" करून वाट्या बाजूला लोटल्या. एकट्या दामिनीने सगळ्यांच्या वाट्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

"काहून वं, हे खाऊन राहिली का तू?" खुशीने विचारलं.

"खात नाही, पाहून राहिली. आमच्या घरच्या दह्याले अशी तार काहून सुटत नाही?"

दामिनी अकोल्याजवळच्या एका गावची. वडील भगवंतराव भाजीचा मळा करत आणि वांगी, कोथिंबीर अकोल्याच्या बाजारात नेत. भेंडीचं फूल दुपारनंतर का मिटतं, असले प्रश्न विचारून पोरीने घरच्यांना लहानपणापासून भंडावून सोडलं होतं. आता ती अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती, हॉस्टेलवर खुशीसोबत एका खोलीत राहत होती. पण इथे अभ्यासच इतका होता, की 'काहून' विचारायला सवड मिळत नव्हती. त्यात पुढच्याच आठवड्यात जीवरसायनाची चाचणी होती.

रविवारी ती घरी जाऊन आली ती डब्यात घरचं विरजण घेऊनच. थंडीचे दिवस होते. डेअरीवरून दूध आणून तापवलं, आणि घरचं विरजण तीन वाट्यांत, मेसच्या दह्याचं तीन वाट्यांत लावलं. दोन वाट्या खिडकीत, दोन कपाटात, दोन खुशीच्या शालीत गुंडाळून. शाल घेताना खुशीला विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतर जीवरसायनाचं पुस्तक उघडं असायचं, पण डोळे वाट्यांवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कॉलेजातून आम्लता मोजायच्या कागदपट्ट्या मागून आणून खोलीत शिरली. खुशी आणि शेजारच्या खोलीतली आरती पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात पोहे, आणि सहाही वाट्या चाटूनपुसून लख्ख.

"अवं, माहा प्रयोग खाल्ला तुमी!" दामिनी किंचाळली.

"आज मेसले सुट्टी हाय," आरती शांतपणे म्हणाली. "प्रयोग मस्त होता. फक्त मीठ पाह्यजे होतं."

दामिनीला रडावं की हसावं कळेना. मग तिने दार लावलं आणि दोघींना समोर बसवून एकेका वाटीची चौकशी सुरू केली. घट्ट कोणतं होतं? आंबट कोणतं? तार कुठल्याला आली? आरती म्हणे खिडकीतल्याला, खुशी म्हणे शालीतल्याला. दोघींची अशी जुंपली की चाचणीचा अभ्यास बाजूलाच राहिला. हसून हसून तिघींची पोटं दुखली.

चाचणीत दामिनीला वीसपैकी सहा मार्क पडले.

त्यापेक्षा वाईट म्हणजे मार्कांची आणि दह्याच्या प्रयोगाची बातमी घरी कळली. भगवंतरावांचा फोन आला.

"दही लावाले तुले अमरावतीले पाठवलं का? ते तं तुई माय घरीच लावते."

तेवढ्यात मागून आईने फोन हिसकावला. "ते जाऊ दे. खिडकीतल्या वाटीचं काय झालं, ते सांग. थंडीत मी तं भांडं चुलीजवळ ठेवतो." मग मायलेकी दह्यावर बोलत बसल्या आणि मागे भगवंतराव "अभ्यासाचं इचार, अभ्यासाचं," म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी जीवरसायन शिकवणाऱ्या शेखर सरांनी बोलावलं. उत्तरपत्रिका आणि जीवरसायनाचं पुस्तक पुढे होतं. दह्याची हकिकत ऐकून सर हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत.

"तुला पडला तसाच प्रश्न कुणाला तरी पडला होता, म्हणून हे पुस्तक झालं," ते म्हणाले. "ते वाचायचा कंटाळा करून तुला नवं काय सापडणार? पुढच्या चाचणीत पास हो. मग मंगळवारी आणि शुक्रवारी चारनंतर प्रयोगशाळा वापर."

दामिनी खाली मान घालून बाहेर आली. राग आला तो सरांचा नव्हे, त्यांचं पटलं याचा.

तिने पहाटे उठून अभ्यास करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी उठली, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी खुशीने तोंडावर पाणी मारलं. "माही शाल अजून वास मारते. ऊठ, पास हो!" संध्याकाळी दही-चटणीतला गिला वडा खायला मात्र ती जायचीच; ते तिने सोडलं नाही. पण रस्ताभर आरती तिला प्रश्न विचारायची, आणि उत्तर चुकलं की वड्याचे पैसे दामिनीचे. सुरुवातीला आरतीची चांगलीच चंगळ झाली.

पुढच्या चाचणीत तेरा पडले. मंगळवारी ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मेसच्या दह्यातले जंतू मण्यांच्या माळेसारखे दिसत होते आणि त्यांच्याभोवती चिकट वेढा होता. तोच वेढा तार धरत होता. थोड्या गारव्यात तो जास्तच तयार होतो, हे तिने पुस्तकात शोधून काढलं; आईचं भांडं तर चुलीच्या उबेला असायचं! आनंदाने ती एवढ्याने ओरडली, की शेजारच्या मुलाच्या हातातली काचपट्टी निसटून फुटली.

सेमिस्टर पार पडलं. तिघींपैकी वर्गात पहिली वगैरे कोणी येणार नव्हती, पण सगळे पेपर सुटतील एवढं नक्की होतं. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी तिघी एसटीने चिखलदऱ्याला निघाल्या. घाटात खुशी आणि आरती खिडकीबाहेर बोट दाखवून ओरडत होत्या, "पाह्य वं, पाह्य!"

दामिनी मात्र आरतीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती.