गुरुवारचं कुलूप

बाजाराच्या तिसऱ्या गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, कुलूपताईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक पकड बसवलेलं टेबल, कानशी, आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. तिचं वय अडतीस, लग्न नाही, बोलणं तोलूनमापून. गल्लीत कुणाचंही कुलूप अडलं की लोक तिलाच बोलवत, आणि मग तिच्या नियमापुढे वैतागत. नियम साधा होता. आत काय काय आहे ते आधी कागदावर लिहून द्यायचं, मग ती कुलपाला हात लावणार. उघडल्यावर आतलं जुळलं नाही तर कुलूप परत लागणार. एका बड्या वकिलालाही तिनं त्याच्याच दारात उभं करून बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या आठवायला लावल्या होत्या, आणि बिचाऱ्याला दोन कमी आठवल्या.

धंदा तिला वडिलांनी शिकवला होता, हा नियम मात्र एका माणसानं शिकवला. बारा वर्षांपूर्वी तो रोज दुकानात येऊन बसायचा, गोड बोलायचा, लग्नाचं म्हणायचा. एका भर दुपारी, बाजार जेवायला गेला असताना, तो तिला एका घड्याळजीच्या दुकानापाशी घेऊन गेला. काकांचं दुकान, किल्ली हरवली, म्हणाला. तिनं पाच मिनिटांत कुलूप काढून दिलं. संध्याकाळपर्यंत लोकांनी दुरुस्तीला दिलेली सगळी घड्याळं गायब झाली होती, आणि तो माणूसही.

पोलिसांनी तिला दोन दिवस बसवून ठेवलं आणि फसवली गेलेली मुलगी म्हणून सोडलं. ते खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. शटर कुठल्या टोकाला धरून उचलायचं हे काकांचं दुकान म्हणणाऱ्या त्या माणसाला माहीत नव्हतं. दोनदा त्यानं भलतीकडेच हात घातला होता. तिनं ते पाहिलं होतं. तरी तिनं कुलूप उघडलं होतं, कारण नाही म्हटलं तर तो रागावेल अशी तिला भीती वाटली. एवढी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

अशा बाईच्या दुकानात एका गुरुवारी एक उंच माणूस आला. कानशिलावर केस पिकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात एक सुटं कुलूप. "याची किल्ली होईल का?" एवढंच बोलला. सुट्या कुलपाच्या आत काय असणार? नियम लागू होईना. तिनं किल्ली करून दिली. पुढच्या गुरुवारी तो दुसरं कुलूप घेऊन हजर. मग तिसरं. नाव नाही, गाव नाही, ताकास तूर लागू देत नव्हता. काम चालू असताना तो फक्त तिच्या हातांकडे बघत राहायचा, आणि तो तसा बघायला लागला की तिची कानस हमखास घसरायची. या वयात असं व्हावं याचा तिला मनस्वी राग येई, आणि बुधवारपासूनच ती काउंटर पुसायला लागे.

चौथ्या कुलपात तिला आगकाडीचं टोक सापडलं. मुद्दाम आत खुपसून मोडलेलं. तिनं आधीची कुलपं आठवली. त्यांच्यातूनही असाच कचरा निघाला होता, तिनं तो फुंकून टाकला होता. ती तशीच उठून वरच्या मजल्यावर वहिनीकडे गेली.

वहिनी रहस्यमय प्रेमकथांची पट्टीची वाचक. भाजी निवडतानाही मांडीवर पुस्तक उघडं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे चमकले.

"वन्सं, हा एक तर तुमची विद्या चोरतोय, नाही तर तुमच्यावर भाळलाय."

"तिसरं काही असेल की."

"तिसरं पुस्तकात नसतं. पण जपून हं. पुस्तकातला गप्प माणूस शेवटी पोलीस तरी निघतो, नाही तर खुनी तरी."

"आणि चांगला असला तर?"

"तर मग मधली दोनशे पानं नुसती धडधड," वहिनी म्हणाली. "तुमची आत्ता चाललीये तशी."

पाचव्या गुरुवारी कुलपात पुन्हा टोक होतं. तिनं ते काउंटरवर त्याच्यापुढे ठेवलं, शेजारी मागच्या आठवड्याचंही ठेवलं, आणि विचारलं, "हे काय आहे?" तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "खरं कुलूप दुसरीकडे आहे. उद्या सकाळी याल का?"

"आत काय आहे ते लिहून द्या."

त्यानं लिहिलं : रिकामं दुकान, एक काउंटर, भिंतीला खिळे. अक्षर बारीक आणि सरळ होतं. नाही म्हणायचं तिनं पक्कं ठरवलं होतं, आणि तोंडातून हो निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ती त्याच्याबरोबर निघाली. दर दहा मिनिटांनी फोन करायचा, असं वहिनीनं बजावलं होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या, एका बोळातून बाहेर पडते न पडते तोच ती जागीच थांबली. बारा वर्षं ती या रस्त्याला फिरकली नव्हती. समोर तेच शटर होतं, गंजलेलं. वहिनीच्या पुस्तकात नसलेलं तिसरं ते हेच.

"ओळखलंत," तो म्हणाला. "घड्याळजी माझे वडील. लोकांची घड्याळं गेली, मग लोकांचा विश्वास गेला. त्यांनी दुकान बंद केलं ते पुन्हा उघडलंच नाही. गेल्या वर्षी गेले."

पळून जावं असं तिला वाटलं. पण तिनं पिशवी पायाशी ठेवली.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "त्यासाठीच यायचो. धीर व्हायचा नाही, पुन्हा यायला कारण लागायचं, म्हणून कुलपांत काड्या मोडून आणायचो. त्या दिवशी त्या माणसाचा तुम्हाला जरासुद्धा संशय आला नव्हता?"

नाही, हे उत्तर बारा वर्षं तिच्या जिभेवर तयार होतं. पोलिसांना तेच दिलं होतं, भावाला तेच दिलं होतं. आत्ताही ते दिलं असतं तर हा माणूस पुढच्या गुरुवारी आला असता, त्याच्यापुढच्याही आला असता. तो यावा असं तिला फार वाटत होतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आला होता," ती म्हणाली. "शटर कुठून उचलायचं ते त्याला कळत नव्हतं. मी बघितलं, आणि तरी उघडलं."

तो खाली पायरीवर बसला. आता हा शिव्या देणार, असं समजून ती तशीच उभी राहिली.

"मी त्या खिडकीत होतो," त्यानं समोरच्या इमारतीकडे बोट केलं. "जेवून बसलो होतो. तुम्ही दिसलात. बाबांनी न सांगता कुणाला बोलावलं कसं, असं मनात आलं. हाक मारायला उठलोही होतो. पण तुमचे हात इतके सुंदर चालत होते की मी बघतच राहिलो. बाबांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. लोक तुम्हाला नावं ठेवायचे तेव्हाही मूग गिळून बसलो."

आधी तिला राग आला, असा की कानशिलं तापली. "एक हाक मारली असतीत," ती म्हणाली, "तर मी थांबले असते. मी कुणीतरी थांबवायचीच वाट बघत होते."

"मला आता कळतंय ते."

तिचे डोळे भरून आले आणि राग कुठल्या कुठे गेला. दोघांनी एकच ओझं दोन घरांत वाहिलं होतं. तिनं पिशवी उघडली, शटरपुढे गुडघ्यावर बसली आणि कुलूप हातात घेतलं. त्याच्याकडे तिची पाठ होती.

"आता मारा," ती म्हणाली.

"काय?"

"हाक."

तो मागे उठून उभा राहिल्याचं तिला ऐकू आलं. ताई नाही, बाई नाही. पोलिसांच्या जबाबात कधीकाळी वाचलेलं तिचं नाव त्यानं मोठ्यानं घेतलं. तिचे हात थांबले, आणि ती वळली.