चौकोनात लपलेली फट

मला राग आला की आधी रडू येतं. समोरच्याला वाटतं, मी घाबरले. सरांनाही तसंच वाटलं असणार.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, अंधेरीचं कॉलेज. एका कंपनीसाठी माझा प्रोजेक्ट होता, एसीचं बाहेरचं युनिट भिंतीवर ज्याच्यावर बसतं, त्या ब्रॅकेटचा. कमीत कमी धातूत तो कसा बनेल, हे कॉम्प्युटरकडून शोधून घ्यायचं. ताकद मोजायला आकाराचे छोटे तुकडे पाडावे लागतात; आमच्या पद्धतीत त्यासाठी आकाराच्या काठाप्रमाणे जाळी आखत बसत नाहीत. साध्या चौकोनांची जाळी घ्यायची आणि आकार तिच्यात बुडवायचा. आकार कितीही बदलला तरी जाळी तीच. मला ही पद्धत खरंच आवडते. पण तिची एक खोड आहे. फट एका चौकोनापेक्षा अरुंद असेल तर गणिताला ती दिसत नाही, दोन्ही काठ जोडलेलेच आहेत असं ते धरून चालतं.

डिझाईन आलं तेव्हा मला मदत करणारा एम.टेक.चा सीनियर उडालाच. "झकास! वजन बघ ना!"

मला ते जरा जास्तच हलकं वाटलं. चौकोन बारीक करून मी पुन्हा चालवलं. ब्रॅकेटचा तिरका दांडा भिंतीकडच्या पट्टीला टेकतच नव्हता, मध्ये बारीक फट होती. जिथला धातू काढला तरी गणिताला कळणार नाही, नेमका तिथलाच काढला गेला होता.

मी प्रोजेक्टच्या सरांकडे गेले.

"बारीक जाळी चालवायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही सर. बघावंसं वाटलं."

"सोमवारी कंपनीचे लोक येतायत. जुनंच चित्र दाखव."

"पण सर, दांडा लोंबकळतोय."

"जुन्या चित्रात दिसतो का? नाही ना? मग झालं."

बाहेर सीनियर म्हणाला, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे गं. कोण बनवणार आहे?"

"ते सॅम्पल बनवायचं ठरवायलाच येतायत."

"तू ना, फार मनाला लावून घेतेस. घरात कोणी शिकलेलं नसलं की असंच होतं, यार."

माझे बाबा मुलुंडच्या टॉवरांवर एसी बसवतात. कमरेला दोर बांधून, एक पाय ब्रॅकेटवर ठेवून. हे मी त्याला सांगितलं नाही. का सांगायचं? बाबा दुसरं काही काम करत असते तर ती फट चालली असती का?

सोमवारी मी दोन्ही चित्रं दाखवली. रागानं रडू येत होतं, पण दाखवली. कंपनीचे साहेब पुढे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, सॅम्पल आत्ता नको. सर हसले. "विद्यार्थिनीची चूक आहे. दुरुस्त करून पाठवतो."

माझी चूक!

आता प्रोजेक्ट सरांनी त्या सीनियरच्या हातात दिलाय. रोज कॉरिडॉरमध्ये भेटतो. "सॉरी बोलून टाक ना सरांना, मिटेल सगळं."

मी अजून सॉरी बोललेले नाही.