मिस्त्रींच्या सहा फळ्या

आमच्या संग्रहालयात फक्त याच भागातल्या चित्रकारांची चित्रं लागतात. इथल्या मातीतला माणूस असला की झालं, असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय. निवड समितीला मात्र ती माती जरा चाळून लागते. मी तिकिटाच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. चित्रांतलं मला काही कळत नाही, आणि हे मी आजवर सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत आले.

मिस्त्री म्हणजे आमचे फ्रेमवाले. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप आणि त्याला लागून दोन खोल्या, तिथंच त्यांचं राहणं. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. त्याला यांनीच वाढवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं. माणूस कामाला वाघ, तोंडाला कुलूप. आणि कुलूप उघडलंच तर आतून करवत निघायची. उजव्या करंगळीचं टोक खऱ्या करवतीनं नेलेलं. भिंतीवरचं चित्र केसभर कललेलं असलं तरी त्यांना दारातूनच दिसायचं, आणि ते सरळ होईपर्यंत डायरेक्टरसाहेबांनीसुद्धा बाजूला उभं राहायचं.

फ्रेमच्या पाठीला प्लायवूडची पातळ फळी बसते. लाकडाचा डाग चित्राला लागू नये म्हणून तिच्या आतल्या बाजूला खळ लावून खाकी कागद चिकटवायची मिस्त्रींची पद्धत होती. हे खाकीचं काम लहानपणापासून धाकट्याचं. कागद लावलेल्या फळ्या वर्कशॉपच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकवायच्या. डाव्या कोपऱ्यातली फळी म्हणजे कापायला तयार. तिच्याकडे पुन्हा बघायचं कारण नसे.

धाकटा चित्रं काढायचा. एकदा त्यानं न विचारता सहा नव्या कोऱ्या फळ्या उचलल्या, शेजारी शेजारी मांडून त्यांवर एकच मोठं चित्र काढलं आणि ते चादरीखाली झाकून ठेवलं. मिस्त्री चादर उचलायला गेले की म्हणायचा, "आता नाही दादा, भिंतीवर लागलं की बघ."

निवडीचा फॉर्म भरायला तो माझ्याच खिडकीशी आला. पाठीवर चादरीत बांधलेल्या फळ्या. चित्राचं नाव या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'दादा'. मला हसू आलं.

"बाई, सोडून दाखवू?" त्यानं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? समितीला दाखव," मी म्हणाले आणि शिक्का मारला. मागे रांग होती म्हणावं, तर तीही नव्हती.

समितीनं चित्र नाकारलं. त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये शब्दाला शब्द लागला. मिस्त्रींना खरा राग समितीचा आला होता, पण समिती काही हाताशी नव्हती. "माझ्या सहा चांगल्या फळ्यांची माती केलीस," असं ते बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावी प्रदर्शन लावायला गेले. चार दिवसांनी परत आले तर धाकटा कपडे आणि ब्रश घेऊन निघून गेला होता. डाव्या कोपऱ्यात सहा फळ्या उभ्या होत्या. खाकी कागद लावलेल्या, कुठं एक फुगा नाही की सुरकुती नाही.

मिस्त्री खिडकीशी आले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"बाई, पोरगं रागावून गेलं, पण फळ्या भरून देऊन गेलं बघा!"

"वळण कुणाचं?" मी म्हणाले.

त्या फळ्या त्यांनी जपून, चांगल्यातल्या चांगल्या चित्रांना वापरल्या. कापून उरलेल्या पट्ट्या सरस तापवायच्या चुलीत गेल्या. एकदा करवतीच्या दात्यांना निळं काहीतरी लागलेलं दिसलं, ते त्यांनी फडक्यानं पुसून टाकलं. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं, आणि एकदा नाही, दहादा सांगितलं.

दोघांनीही एकमेकांना चिठ्ठी म्हणून लिहिली नाही. आधी तो येईल, म्हणून हे थांबले. तोही तसाच थांबला असणार, एकाच घरातले ना. तीन वर्षांनी कुठल्याशा इमारतीची भिंत रंगवताना परांची कोसळली आणि धाकटा गेला. त्याची पेटी तेवढी आली. तिच्यात ब्रश होते, दोन शर्ट होते, चित्र नव्हतं. विकलं असेल, असं मिस्त्रींनी धरलं.

गेल्या वर्षी नव्या डायरेक्टर मॅडम आल्या. आजवर नाकारलेल्या चित्रांचं प्रदर्शन करायचं त्यांनी ठरवलं आणि जुने फॉर्म घेऊन माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मिस्त्री शेजारीच चष्मा पुसत होते. मॅडमनी वाचलं, "चित्राचं नाव, दादा. तैलरंग. प्लायवूडच्या सहा फळ्या, प्रत्येकी चार फूट बाय दोन."

मिस्त्री पायरीवर खालीच बसले. पाणी दिलं तर ते घेईनात.

"बाई," ते म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या फळ्या भरपाईच्या नव्हत्या हो."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. लागोपाठ तीन सोमवार मिस्त्री भिंतीवरची चित्रं उतरवत होते. प्रत्येक फ्रेमच्या मागे त्यांनी पेन्सिलीनं तारीख लिहिलेली असते, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. फळी काढायची, ओल्या स्पंजानं खळ भिजवायची आणि कागद हळूच सोलायचा. तैलरंगाला पाण्याची भीती नसते. खालून एकेक तुकडा वर यायला लागला. निळा शर्ट. कामाचं टेबल. खिळ्याला टांगलेला दिवा. मग रंधा धरलेला उजवा हात आला, करंगळी टोक नसलेली. मिस्त्रींनी स्वतःचा हात त्याच्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. समितीनं नाकारलेलं चित्र इतकी वर्षं समितीनं निवडलेल्या चित्रांच्या पाठीला लागलेलं होतं, खाकी कागदाखाली तोंड झाकून.

दहा तुकडे मिळाले. खांद्यांच्या वरचा भाग मिळाला नाही. तो पट्ट्यांत गेला होता, आणि पट्ट्या कुठं गेल्या ते मिस्त्रींना कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडमनी समितीतल्या तिघांना फोन केले. तिघांनाही चित्रच आठवत नव्हतं.

फ्रेम मिस्त्रींनीच केली. चेहऱ्याच्या जागी कोरी फळी बसवली. प्रदर्शन उघडलं, लोक आले, गेले. मिस्त्री रोज सकाळी येऊन ते चित्र सरळ आहे ना बघायचे. ते सरळच असायचं.

एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा ते खिडकीशी आले. "बाई, फॉर्म तुम्ही घेतला होतात. तुम्ही बघितलं असेल ना? रागीट काढलं होतं का मला? रागीट असलं तरी चालेल. मी तसाच होतो."

खोटं बोलायची मला सवय नाही. पण त्या माणसाला आता 'नाही' कोण म्हणणार?

"बघितलं होतं ना," मी म्हणाले. "हसत होतात तुम्ही. काम करता करता, गालातल्या गालात."

"हसत होतो?" त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "चष्मा होता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "होता की."

"बरं," म्हणाले आणि वर्कशॉपकडे गेले.

घरी कुलपात किल्ली घालताना माझा हात थांबला. मिस्त्रींना चष्मा लागला तो धाकटा निघून गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी. नंबर काढायला त्यांच्याबरोबर मीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, चित्र बघून परत जाताना खिडकीशी थांबले.

"बाई, काल ऐकून बरं वाटलं हो," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि पुन्हा कधीच काही विचारलं नाही.