ओहोटीच्या वेळचे युनिट

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्याबद्दल माफी असावी. मजकुराबद्दल मात्र माफी मागणार नाही. जे झालं तेच लिहिते आहे.

निवृत्त झालेले साहेब लोक आपल्या केसेस लिहितात. मी साहेब नव्हते. नवरा पोलीस शिपाई होता, ड्युटीवर असताना गेला, आणि अनुकंपावर मला वर्ग चारची नोकरी मिळाली. सत्तावीस वर्षं नवी मुंबईतल्या पोलीस स्टेशनांत झाडू मारला, पाणी भरलं, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेल्या. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा आजही कोरडा पडतो. पण बघायला आणि ऐकायला घसा लागत नाही. ही वही माझ्या पेटीत राहणार आहे, तरी कुणाचं नाव लिहीत नाही. खात्यात राहून तेवढी शिस्त अंगात मुरली.

ती केस डोक्यातून जात नाही. माझ्या निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते. सकाळी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसले होते, तेवढ्यात सारसोळ्याच्या मासळीवाल्या बायकांच्या गटाची अध्यक्षीण तक्रार अर्ज घेऊन आली. सारसोळे माझं माहेर. तिने मला ओळखलं आणि नजर दुसरीकडे फिरवली, कारण अर्ज गावातल्याच बाईवर होता, गटाच्या खजिनदारणीवर.

भानगड अशी होती. जेट्टीजवळ गटाची थंड खोली आहे आणि बर्फाचं मशीन आहे. एका खाजगी कंपनीने छपरावर सोलर बसवलं, खाली बॅटऱ्या ठेवल्या आणि वीज विकायचा करार केला. करारात दर वेळेप्रमाणे होता. दिवसाचा युनिट स्वस्त. संध्याकाळी सहा ते दहा या वेळचा युनिट अडीचपट महाग, कारण तेव्हा वीज बॅटरीतून येते आणि सगळ्यांनाच हवी असते. बायकांनी ठरवलं, त्या चार तासांत मेन स्विच बंदच ठेवायचा. भिंती जाड, चार तासांत माल बिघडत नाही. स्विचच्या पेटीला कुलूप लावलं आणि एकच चावी खजिनदारणीच्या कमरेला दिली.

तरी दर महिन्याला बिलात संध्याकाळचे ढीगभर युनिट येत होते. बायका कंपनीच्या मॅनेजरकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तुमच्यातलंच कोणीतरी संध्याकाळी मशीन चालवतंय. चावी कोणाकडे असते?"

तेवढं एक वाक्य पुरलं. खजिनदारीण चोरून कोळंबी गोठवते आणि हॉटेलांना विकते, अशी कुजबुज आठवड्याभरात गावभर झाली. तिच्या सुनेला पाण्याच्या रांगेत टोमणे बसू लागले. दोन महिन्यांचं बिल थकलं होतं आणि कंपनीने वीज तोडायची नोटीस लावली होती.

तपास ज्यांच्याकडे गेला ते उपनिरीक्षक साहेब माणदेशातले. माणूस सरळ, पण घाईचा. त्यांनी खजिनदारणीला बोलावलं. तिने चावी काढून टेबलावर आपटली.

"चावी माज्याकडं हाय म्हून चोर मीच का? मंग बँकेतला चावीवाला पन धरून आना!"

"आवाज खाली, बाई," साहेब म्हणाले.

"आवाज खाली कराला मी काय केलंय?"

मी पाण्याचा ग्लास ठेवला. चौकशीला आलेला माणूस पाण्याचं काय करतो ते मी नेहमी बघायचे. चोरी पोटात असली की बहुतेक जण ग्लास एका दमात रिकामा करतात. हिने ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर पडताना मला म्हणाली, "बाय, तू तरी सांग यांना." मी काहीच बोलले नाही. त्या दिवशीची माझी लाज अजून गेलेली नाही.

साहेबांनी कंपनीला नोटीस काढून तासातासाचा हिशोब मागवला. दोन दिवसांत कागदांचा गठ्ठा आला. कोणत्या तारखेला कोणत्या वेळी किती युनिट गेले, सगळं छापलेलं. मॅनेजर स्वतः घेऊन आला होता, पुरावाच आणल्यासारखा खुशीत. झेरॉक्स काढताना काही पानं तिरकी आली, ती कचऱ्यात गेली. कचरा माझा. मी ती पानं घरी नेली.

अक्षरं मला सावकाश लागतात, आकडे पटकन लागतात. बघता बघता एक गोष्ट दिसली. रोज एका वेळी युनिट एकदम चढत होते, म्हणजे बर्फाचं मशीन जोरात चालू होतं. पण ती वेळ रोजची एक नव्हती. एका दिवशी रात्री साडेआठ, दुसऱ्या दिवशी सव्वानऊ, तिसऱ्या दिवशी दहा. रोज पाऊण तास पुढे.

खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिथीला पाऊण तासाने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला दुपारी तीन वाजता, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. होड्या भरतीच्या पाण्यावरच जेट्टीला लागतात, मासळी उतरते आणि तेव्हाच बर्फ लागतो. आमच्या बायकांचं मशीन चंद्रावर चालतं, घड्याळावर नाही. अष्टमीपासून भरती संध्याकाळच्या महाग वेळेवर येते, तेवढे दिवस त्या बर्फ आधीच काढून ठेवतात.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेसमोरची तिथी बघितली आणि पेन्सिलने कागदाच्या कडेला लिहीत गेले. साडेआठ होते तो दिवस चतुर्थीचा. त्या दिवशी भरती तीनला. म्हणजे साडेआठला ओहोटी. सगळ्या पानांवर तेच निघालं. कंपनीच्या कागदाप्रमाणे आमच्या बायका रोज बरोबर ओहोटीच्या वेळी बर्फ काढत होत्या, होड्या चिखलात रुतलेल्या असताना!

आणि आणखी एक. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेतीन रोज शून्य युनिट. चार तासांचं भोक. स्विच बंद ठेवायचे तेही चारच तास, पण सहा ते दहा.

दोन दिवस धीर झाला नाही. मग मी ते कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि झाडू घेऊन निघाले. मागून हाक आली.

"मावशी! ही पेन्सिल कुणाची?"

"माझी."

"तुम्ही केसच्या कागदावर लिहिता?"

"कचऱ्यातला आहे, साहेब. केसचा कपाटात आहे."

साहेब हसले नाहीत. "बसा," म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्या खुर्चीवर मी फक्त फडकं फिरवलं होतं. मी उभ्यानेच सांगितलं, अडखळत.

"मावशी, मी माणदेशातला. टँकर आला की भरती, गेला की ओहोटी, एवढंच मला कळतं," साहेब म्हणाले. "आणि कोळंबी टेम्पोनेही येऊ शकते."

"येऊ शकते, साहेब. पण चोराचा टेम्पो रोज पाऊण तास उशिरा कशाला येईल?"

एवढं मोठं वाक्य मी स्टेशनात पहिल्यांदाच बोलले. साहेबांनी दिनदर्शिका भिंतीवरून उतरवली आणि प्रत्येक तारीख स्वतः ताडून बघितली. शेवटी म्हणाले, "फरक सगळीकडे साडेपाच तासांचा आहे. मावशी, चोरी विजेची नाही. चोरी वेळेची आहे."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी थंड खोलीवर पंचनामा ठरला. दोन पंच, साहेब, मॅनेजर आणि त्याचा लॅपटॉप. गटाच्या बायका दाराबाहेर दाटीने उभ्या. साहेबांनी मलाही नेलं. मॅनेजरने माझ्याकडे आणि झाडूच्या घट्ट्यांनी भरलेल्या माझ्या हातांकडे बघून विचारलं, "या कोण? एक्सपर्ट का?"

"हो," साहेब म्हणाले. मी पदर तोंडाला लावला, पण मागे सरले नाही.

सकाळी मेन स्विच बंद करून ठेवला होता. पंचांच्या घड्याळात बरोबर अकरा वाजता खजिनदारणीने कुलूप काढून तो चालू केला. साडेअकराला बंद केला. मग साहेबांनी मॅनेजरला आजचा हिशोब लॅपटॉपवर काढायला सांगितलं.

पडद्यावर आजचे युनिट दिसत होते. वेळ लिहिली होती दुपारी साडेचार ते पाच.

मग खजिनदारणीने कमरेवर हात ठेवले. "साडेचार अजून वाजाचे हान, सायेब. मी दुपारची वीज सकालीच चोरून ठेवली काय?"

बायका इतक्या हसल्या की पंचांनाही हसू आवरेना. अध्यक्षीण हसली नाही. ती खाली मान घालून उभी होती.

मॅनेजर म्हणाला, तांत्रिक चूक असेल. मीटरमध्ये भारताची वेळ आधीच लावलेली होती आणि कॉम्प्युटरने ती लंडनची वेळ समजून तिच्यात पुन्हा साडेपाच तास मिळवले. त्यामुळे दुपारच्या भरतीचे सगळे युनिट संध्याकाळच्या महाग दरात पडले. इथवर मीही म्हणेन, चूक कोणाकडूनही होते. पण स्टेशनात आणल्यावर त्याने पाणी मागितलं, दोन ग्लास उभ्या उभ्या संपवले आणि तिसरा मागितला. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ही चूक पहिल्यांदा कुणी दाखवली तुम्हाला?"

तासाभराने जबाब बाहेर आला. एमआयडीसीतल्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजवाल्याने हीच चूक आठ महिन्यांपूर्वी पकडली होती. त्याचं घड्याळ कंपनीने गुपचूप दुरुस्त केलं, त्याचे पैसेही परत केले. बायकांचं घड्याळ तसंच ठेवलं.

"का?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं नव्हतं, सर."

"विचारलं होतं. तुम्ही त्यांना चावी कुणाकडे असते ते विचारलंत."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. मग कंपनीचे वकील आले आणि अर्धी रक्कम देऊन मिटवू म्हणाले. अध्यक्षीण तयार होती, सीझन तोंडावर होता. खजिनदारीण उठली.

"मी अर्धी चोर व्हते का? गावाने मना पूर्ण चोर केली. पैसं पन पूर्ण पायजेत. आनि माजी चूक नाय असं कागदावर लिवून, जेट्टीवर उभं राहून वाचाचं."

वकिलाने तिला भावना बाजूला ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "भावना नाय, हिसोब हाय."

मॅनेजरला जेट्टीवर यावं लागलं. वेळ बायकांनीच ठरवली, भरतीची, म्हणजे सगळ्या होड्या हजर. त्याने कागद वाचला. मागून एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं, रं! बिल पाठवताना तर आवाज व्हता!" त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. वाचून झाल्यावर अध्यक्षीण खजिनदारणीजवळ गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. खजिनदारीण थोडी सरकली, जागा दिली. माफी झाली की नाही ते मला माहीत नाही.

या केसने मला काय शिकवलं? कागदावर वेळ छापलेली असली तरी ते घड्याळ कुणाच्या हातात आहे ते आधी विचारावं. आणि ज्याला काही कळत नाही असं सगळे धरून चालतात, त्याला एकदा तरी विचारून बघावं. मला कोणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. पण दोन दिवस उशिरा सांगितलं. ते दोन दिवस त्या बाईने भोगले, ते माझ्या नावावर आहेत. आता मी उशीर करत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा हात वर करते. घसा कोरडा पडतो, पडू दे.

पैसे यायला आणखी तीन महिने लागले. कंपनीचा माणूस पोच घ्यायला थंड खोलीवर आला, तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि माहेरी गेले होते. संपूर्ण रक्कम मिळाली, असं त्याने लिहून आणलेलं होतं. खजिनदारणीने आधी बँकेत फोन लावून रक्कम विचारली, मग मला कागद वाचायला दिला. मी बोट ठेवून वाचला. आकडा बरोबर होता.

"सही करा," तो म्हणाला.

"थांब. वेळ पन घाल त्यावर," ती म्हणाली. त्याने मोबाइल काढला. तिने त्याचा हात धरून भिंतीवरच्या आमच्या घड्याळाकडे वळवला.

त्याने लिहिलं, दुपारी बारा पंचेचाळीस. प्रतिपदा होती, बाहेर पाणी पायरीला लागलं होतं. तिने सही केली. पैसे पूर्ण मिळाले.