धुरपतामावशीचा चोरखिसा

माझ्या शिवणाच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई आधी कापड बाहेर काढते. साखरा गावची धुरपतामावशी आधी दार लोटून घ्यायची. मग भिंतीकडे तोंड करायची, पदराआड हात घालायची आणि जादूगाराने कबूतर काढावे तसा ब्लाउजमधून मोबाईल काढायची. वळून माझ्याकडे अशी बघायची, की टाळ्या वाजवाव्यात. मी वाजवायचेही.

पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला ओळखत नव्हते. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा आठवडी बाजार होता, दुकानात गर्दी. तिने गर्दी सरू दिली आणि हळूच म्हणाली, "माय, झंपराला आतून खिसा लावून देतीस का? कुनाला दिसला न्हाई पायजे."

"काय ठेवणार त्यात, मावशी?"

"नवरा," ती म्हणाली. "जिता होता तवा घरात मावत न्हवता. आता मावंल."

हसता हसता माझ्या हातातली कात्री पडली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिने टेबलावर फोन ठेवला. तळहातात मावेल एवढा, साबणाच्या वडीसारखा कडा झिजलेला. मी टेप लावून माप घेतले. माणसांची मापे जन्मभर घेतली, फोनचे ते पहिलेच.

हळूहळू सगळे कळले. तिची मुलगी वनिता दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून पुण्याकडे गेली होती. मावशीचा मुलगा दत्ता, त्याने बहिणीचे नाव काढायलाही घरात बंदी केली. मग वनिताने एकदा औंढ्याला देवळाच्या गर्दीत आईला गाठले, फोन तिच्या मुठीत दाबला आणि तिथेच पायरीवर बसून चालवायला शिकवला. तेव्हापासून मावशी शेळ्या घेऊन शेतात जायची, बांधावर बसायची आणि त्या एवढ्याशा काचेत नातीचे तोंड बघायची. साधा बटणांचा फोन तिच्या कामाचा नव्हता. त्यात नात दिसत नाही.

"घरात फोन आला की उरात मांजर गुरगुरल्यावाणी व्हतंय," ती सांगायची. "सून म्हनती, आत्या, काहून दचकल्या? म्या म्हनते, शेळी वरडली. आता ती म्हनून राहिली, ह्या शेळ्या लईच वरडतेत, एखांदी इकून टाका."

हे ती सून आणि सासू दोघींच्या आवाजात करून दाखवायची, आणि मी मशीन थांबवून बघत बसायचे. माझ्या दुकानातूनही ती वनिताला फोन लावायची. मला नातीचा चेहरा दाखवून म्हणायची, "बघ, नाक आमच्या घरातलं हाय. दत्त्याला कळलं तर तेबी परत मागंल."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या फोनचे पोट फुगले. दुरुस्तीवाला म्हणाला, ह्याचे सामान आता येत नाही. मावशीने बोकड विकले आणि आम्ही दोघी हिंगोलीला निघालो. तिने घरच्यांना सांगितले, डोळे तपासायचे आहेत. तिच्या खिशाच्या मापाची एक पिशवी मी शिवून बरोबर घेतली होती.

दुकानदार एकेक फोन काढायचा आणि मावशी तो पिशवीत घालून बघायची. बाळाच्या झबल्यात पैलवान कोंबावा तसा प्रत्येक फोन अर्धा बाहेर.

"मावशी, बारका फोन आता येतच नाही. लोकांना मोठाच लागतो."

"कोन्या लोकान्ला?"

"सगळ्यांनाच. पिक्चर बघायला बरा पडतो."

"मला पिक्चर न्हाई, नात बघायची हाय. ती का म्हशीएवढी हाय?"

दुकानदार हसला आणि स्वतःचा भलामोठा फोन प्यांटच्या खिशात टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मावशीने ते नीट पाहिले. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "त्याला खिसा हाय म्हनून त्याला मोठा पायजे. फोन करनाऱ्यानं मापं घेतली ती समदी बाप्यांची. त्याला माय न्हवती का? मायचा खिसा कुठं असतो, यवढं बघाया काय झालं व्हतं?"

मोठ्या फोनची बाजू मी नंतर पुष्कळांकडून ऐकली. डोळ्यांना बरा, बॅटरी जास्त टिकते, खपतोही तोच. सगळे खरे असेल. पण बत्तीसच्या मापाच्या बायका माझ्याकडे कमी येतात, म्हणून मी त्यांना चाळीसचा ब्लाउज घालून घरी पाठवत नाही.

शेवटी मोठ्यांतला त्यातल्या त्यात लहान घेतला. त्याच्यासाठी मी काखेखाली खिसा शिवला, वर बटण लावले. तरी पदराखाली वीट ठेवल्यासारखा कोपरा दिसायचा. मावशी परेडला निघालेल्या पोलिसासारखी ताठ चालायला लागली आणि आम्ही दोघी त्यावरही हसलो. पण खुरपणी काही ताठ उभे राहून होत नाही. हरभऱ्यात ती वाकली, बटण निसटले आणि फोन सरीत पडला. दत्ता मागेच उभा होता. फोनवर नातीचा फोटो लावलेला होता.

पुढचे तिने मला सांगितले तेव्हा कुणाचाच आवाज काढला नाही.

"मोडला असता तर बरं व्हतं, मंदा. त्यानं मोडला न्हाई. सदऱ्याला पुसला. म्हनला, चांगला मोठा हाय, घरात कामाला यील. आन प्यांटीच्या खिशात घातला. त्याच्या खिशात बराबर मावला बघ."

माझा फोन मी पुढे केला, पण त्यावरून लावणार काय? वनिताचा नंबर फक्त त्या फोनमध्ये होता. मावशीला पाठ नव्हता, मला कधी लागला नव्हता. एकदा दत्ता जीपच्या थांब्यावर भेटला. मी म्हटले, "बहिणीचा नंबर तेवढा द्या." तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमी झंपरं शिवा." त्यानंतर मावशीचे कापड सून घेऊन यायला लागली. आणि थंडीत एकदा सुनेनेच सांगितले, की आत्या गेल्या, तापाचे निमित्त झाले. सांगून झाल्यावर तिने स्वतःच्या ब्लाउजची बाही आखूड करायला दिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक बाई दुकानाच्या दारात उभी राहिली. कडेवर मुलगी. मुलीचे नाक बघून मी ओळखले.

"मंदामावशी ना? आई तुमच्या दुकानातून बोलायची, तवा दिसायच्या तुमी." वनिता आत आली, पण बसली नाही. "घरी जायच्या आधी तुमाला इचारावं म्हनलं. फोन दादाच उचलून राहिला. परवाबी म्हनला, आई शेतात गेली, तिला तुझ्याशी बोलायचं न्हाई. किती महिने झाले हेच चाललंय. माझ्यामुळं तिला घरात तकलीफ झाली असंल. लई चिडली का हो माझ्यावर?"

मी मशीनवरचे कापड बाजूला केले. म्हटले, "बाई, ती थंडीतच गेली."

"पन परवा दादा तर..."

"परवा ती न्हवतीच."

"म्हंजे चिडली न्हवती?"

"न्हाई. कधीच न्हाई."

वनिताने डोळे मिटले आणि किती दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. आई मेल्याचे ऐकून लेकीला हायसे वाटावे, एवढी व्यवस्था दत्ताने करून ठेवली होती. रडायला ती नंतर लागली.