आरसा नसलेली सायकल

सायकलवर बसण्यापूर्वी आबा पुढचे आणि मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहत, तोच अंगठा कपाळाला लावत आणि म्हणत, "चल बाय. पोचायचं तर हायेच, घाई कुणाला हाय?" हा विधी मी चौदा वर्षे पाहिला. त्यात कधी खंड पडलेला मला आठवत नाही. देवघरात आयुष्य घालवूनही इतका नेम मला साधला नाही.

ते मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीच्या काळात त्यांनी वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याची पोती पाठीवर वाहिली. काम सुटल्यावरही घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीतून ते रोज सकाळी सायकलने बाजारात जात आणि आमच्या सोसायटीतील चार-पाच वृद्धांची भाजी आणीत. माझ्या पिशवीत वर दूर्वा आणि बेल असे. ते कुठून खुडले, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

फाटकावरचा रखवालदार त्यांची थट्टा करी. "आबा, सायकलला आता पेन्शन द्या की!"

"तिला पेन्शन दिली तर मला कोण वढणार? तू?"

दवाखाना असो, लग्न असो की दळण, ते सायकलनेच जात. दर गुरुवारी न्हावा शेवाच्या वाटेने उरणकडे मुलीला भाजी पोचवीत, आणि वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, दोन दिवस पेडल मारीत घाट चढून साताऱ्याला जात. परतताना माझ्या पूजेसाठी कृष्णेचे पाणी आणीत. तांब्याला फडके घट्ट बांधलेले असे, आणि तो तांब्या कॅरिअरला. मी एकदा म्हणालो, "अहो, एसटीने सहा-सात तासांत पोचाल." ते क्षणभर माझ्याकडे दयेने पाहत राहिले. "गुरुजी, एसटीतनं डोंगर दिसतो. भेटत न्हाय."

मी पुष्कळ तीर्थयात्रा केल्या, त्या बहुतेक गाडीच्या खिडकीतून. त्या उत्तराने मी मनातून खजील झालो.

त्यांच्या सायकलला आरसा नव्हता. "मागचं कान सांगतो," असे ते म्हणत, आणि ते खरे होते. सोसायटीच्या कट्ट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले असता ते येणारे वाहन ओळखीत. टँकर, टेम्पो, बस. "ह्यो रिकामा ट्रेलर, खडखडतोय. भरल्याला असा वाजत न्हाय, घुमतो." आम्ही मागे वळून पाहत असू. ते कधी चुकले नाहीत.

माझे घर तळमजल्यावर, देवघराची खिडकी रस्त्याकडे. माझ्या आरतीची घंटा वाजली की खिडकीखाली त्यांची सायकल थांबे. ते टोपी काढून उभे राहत, घंटा थांबली की टोपी घालून पुढे जात. गेल्या चैत्रात एके सकाळी मी घंटा वाजवीत असता ते सायकल हातात धरून खिडकीखालून सरळ निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी मी आरती अर्धवट ठेवून बाहेर गेलो आणि पाठीमागून हाक मारली. एकदा, दोनदा. शेवटी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते दचकले.

माझा चेहरा पाहून त्यांना सर्व उमगले. माझा हात धरून त्यांनी तो सायकलच्या सीटवर ठेवला. बाजारातले हमाल पोत्यावर हात ठेवून शब्द देत, तशी ती रीत.

"हिच्यावर हात ठिवून सांगा, गुरुजी. पोराला कळू देणार न्हाय. त्यो हिला काढून घील. मग मी नुसता खोलीत बसायचं. बसून मरायचं व्हय?"

मी शब्द दिला. सत्याविषयी आयुष्यभर प्रवचने केलेला मी, मौन हेही एक व्रत आहे अशी स्वतःची समजूत घालून घरात आलो आणि अर्धी राहिलेली आरती पुरी केली.

माझे मन मात्र स्वस्थ नव्हते. मी एक आरसा विकत आणून त्यांना दिला. त्यांनी तो माझ्यासमोर बसवून घेतला. आठवड्याने पाहतो तो, आरसा खाली जमिनीकडे वळवलेला. मी खुणेने विचारले. ते ओशाळून हसले. "मागनं येताना दिसलं की हात थरथरतो वो. तोल जातो. कानाची सवय हाय."

आता ज्या कानाची सवय होती तो कान उरला नव्हता. हे ते जाणत होते आणि मीही जाणत होतो. तरी पुढच्या गुरुवारी त्यांनी चाके दाबली, अंगठा कपाळाला लावला आणि ते निघाले. मी खिडकीतून पाहत राहिलो.

असे आठ गुरुवार गेले. नवव्या गुरुवारी उरणच्या रस्त्यावर एका ट्रेलरने त्यांना मागून धडक दिली. भाजीची पिशवी मुलीच्या घरी पोचली नाही.

तेराव्याला मी घणसोलीला गेलो. त्यांचा वेगळा राहणारा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. "गुरुजी, तो ड्रायव्हर बोलतो, तीनदा हॉर्न मारला. खोटारडा साला! आबांना हॉर्न ऐकू येणार नाही? आबांना? आम्ही तसंच लिहून दिलंय, हॉर्न मारलाच नाही म्हणून. सडू दे त्याला आत."

माझ्या हातात पाण्याचे भांडे होते. ते मी खाली ठेवले.

"बाळा, त्याने हॉर्न वाजवला असेल. तुझ्या वडिलांना ऐकू येत नव्हते."

त्याने विचारले, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चैत्रापासून."

"आम्ही सायकल काढून घेतली असती."

"म्हणूनच त्यांनी मला बोलू दिले नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीत जाऊन सर्व लिहून दिले. मुलगा सोबत आला. त्या चालकाचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही. मुलगा त्यानंतर माझ्याकडे आलेला नाही, आणि त्याने यावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

वाचकहो, तुमच्याही रस्त्यावरून असा कोणी वृद्ध सावकाश सायकल चालवीत जात असेल. त्याचा आनंद हिरावून घ्या, असे मी सांगू शकत नाही. हिरावू नका, असेही सांगण्याचे धैर्य मला आता होत नाही.

परवा त्या बाजूला गेलो होतो. त्यांच्या खोलीबाहेर भिंतीला सायकल टेकवून ठेवली होती. मागचे चाक नव्हते. आरसा अजून जमिनीकडेच वळलेला होता. मी वाकलो आणि पुढचे चाक अंगठ्याने दाबले. हवा नव्हती. अंगठा थेट लोखंडापर्यंत गेला.

तो कपाळाला लावणे मला जमले नाही. धोतराला पुसून मी घरी आलो.